पोत्सुओलीचं स्थलांतर : १९७०, १९८३ आणि आता

२ मार्च १९७०. इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोत्सुओली गावात, रिओने तेर्रा नावाच्या वस्तीत, सैनिक आणि पोलीस शिरले. घर सोडा, बस उभ्या आहेत, एवढाच निरोप होता. समुद्रात घुसलेल्या, सुमारे ३३ मीटर उंच खडकावरची ही वस्ती म्हणजे गावाचा सगळ्यात जुना भाग. तिथं तीन हजारांच्या आसपास माणसं दाटीवाटीनं राहत होती. बहुतेक मच्छीमारांची आणि हातावर पोट असलेल्यांची कुटुंबं. खालची जमीन वर येते आहे आणि कदाचित ज्वालामुखीचा उद्रेक होईल, असं कारण सांगितलं गेलं. त्या वर्षी उद्रेक झाला नाही. त्यानंतर आजवरही झालेला नाही. रिओने तेर्रा मात्र वस्ती म्हणून पुन्हा कधीच भरली नाही.

आपत्ती व्यवस्थापनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, माणसं वेळेत हलवली का? पोत्सुओलीचं प्रकरण त्याच्या पुढच्या प्रश्नाकडे नेतं. हलवलेल्या माणसांचं पुढे काय झालं, आणि त्या अनुभवानंतर पुढच्या इशाऱ्यावर कुणी विश्वास का ठेवावा? गेल्या पंचावन्न वर्षांत या गावाची जी मोडतोड झाली, तिच्यात जमिनीच्या हालचालीइतकाच वाटा माणसं ज्या पद्धतीनं हलवली गेली त्या पद्धतीचा आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. ते का, हे समजायला आधी जमीन समजून घ्यावी लागते.

गाव कुठं वसलं आहे

नेपल्सच्या पश्चिमेला, त्याच आखाताच्या एका कोपऱ्यात पोत्सुओली आहे. लोकसंख्या पाऊण लाखाच्या थोडी वर. प्रोचिदा आणि इस्किया बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटी इथून सुटतात, मासळीचा मोठा बाजार भरतो, इटलीच्या हवाई दलाची प्रबोधिनी इथं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेली कुमाना नावाची छोटी रेल्वे गावाला नेपल्सशी जोडते. अभिनेत्री सोफिया लॉरेन यांचं बालपण इथंच, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गेलं.

नेपल्सच्या पूर्वेला व्हेसुव्हियस दिसतो, तसा इथं डोळ्यांत भरणारा डोंगर नाही. ज्वालामुखी कुठं आहे, असं नवख्या माणसानं विचारलं तर उत्तर एकच : तुम्ही त्यातच उभे आहात. काम्पी फ्लेग्रेई हे १२ ते १५ किलोमीटर रुंदीचं खचलेलं महाकुंड आहे. सुमारे ४०,००० आणि सुमारे १५,००० वर्षांपूर्वीच्या दोन प्रचंड उद्रेकांनंतर जमीन आत कोसळून ते तयार झालं. त्याचा काही भाग समुद्राखाली आहे, काही भागावर नेपल्सची पश्चिमेकडची उपनगरं आहेत आणि जवळजवळ मधोमध पोत्सुओली. गावाच्या हद्दीतच सोल्फातारा हे गंधकाच्या वाफा सोडणारं विवर आहे. २०१७ मध्ये तिथं एकाच कुटुंबातल्या तिघांचा मृत्यू झाला, तेव्हापासून ते पर्यटकांसाठी बंद आहे.

इथली जमीन हळूहळू वर येते आणि हळूहळू खाली जाते. इटालियनमध्ये याला ब्रादिसिस्मो म्हणतात, आणि पोत्सुओलीत हा शब्द शाळकरी पोरांच्याही तोंडी असतो. खोलवरच्या शिलारसातून सुटणारे वायू आणि तापलेलं पाणी दोन-तीन किलोमीटर खोलीवरच्या सच्छिद्र खडकात साठतात. त्यांच्यावर घट्ट थर असल्यानं दाब वाढतो आणि वरची जमीन तव्यावरच्या भाकरीसारखी मधून फुगते. फुगवट्याचा उंचवटा बंदर आणि रिओने तेर्रा यांच्या आसपास सर्वांत जास्त, आणि काही किलोमीटरवर तो जवळजवळ संपतो. या फुगण्यात शिलारसाचा स्वतःचा वाटा किती आणि पाणी-वायूंचा किती, यावर शास्त्रज्ञांमध्ये चाळीस वर्षं वाद चालू आहे. तो केवळ अभ्यासकांचा वाद नाही, कारण शिलारस वर सरकत असेल तर उद्रेकाची शक्यता वाढते आणि नुसते वायू असतील तर कमी होते.

फुगताना खडक तडकतो, तेच इथले भूकंप. ते उथळ असतात, त्यामुळे तीन-साडेतीन प्रतीचा धक्काही गावाला झोपेतून उठवतो. धक्क्याबरोबर जमिनीखालून दणका ऐकू येतो. दूरच्या शहरात बसून बातमीतला आकडा वाचणाऱ्याला हा फरक कळत नाही. 'चार रिश्टरला एवढं काय घाबरायचं' ही प्रतिक्रिया त्यातूनच येते.

संगमरवरी खांबांवरची नोंद

जमिनीच्या हालचालीची जगातली सगळ्यात गाजलेली मोजपट्टी या गावाच्या मध्यभागी आहे. १७५० मध्ये नेपल्सच्या बुर्बोन राजाच्या उत्खननात एक रोमन इमारत सापडली. सेरापिस देवाची मूर्ती मिळाली म्हणून तिला सेरापिसचं मंदिर म्हणू लागले. प्रत्यक्षात तो रोमन काळातला बाजार होता. तिथं बारा मीटरहून उंच असे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. तळापासून साडेतीन मीटरपर्यंत ते गुळगुळीत आहेत. त्यावर पावणेतीन मीटरच्या पट्ट्यात असंख्य भोकं आहेत. समुद्रात खडक पोखरून राहणाऱ्या शिंपल्यांनी पाडलेली.

याचा अर्थ सरळ आहे. कोरड्या जमिनीवर बांधलेले खांब कधीतरी सहा मीटरहून जास्त समुद्रात बुडाले, तळाचा भाग गाळात गाडलेला राहिला, मधल्या भागात शिंपले राहायला आले आणि मग सगळंच्या सगळं पुन्हा वर आलं. एवढ्या उलथापालथीत खांब उभेच राहिले. स्कॉटिश भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांनी १८३० मध्ये 'प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी' छापलं, तेव्हा मुखपृष्ठामागचं चित्र म्हणून याच खांबांचं रेखाटन घेतलं. पृथ्वी केवळ एका प्रलयानं बदलत नाही, सावकाश आणि दोन्ही दिशांनी बदलत राहते, हे सांगायला त्यांना याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता. पुढच्या संशोधनातून दिसलं की पाचव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत ही जागा एकदा नाही, तीनदा समुद्राखाली गेली होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या बाजाराच्या फरशीवर समुद्राचं पाणी साचलेलं असे. आज फरशी कोरडी आहे.

जगाचा माल उतरणारं बंदर

इ.स.पू. सहाव्या शतकात सामोस बेटावरून परागंदा झालेल्या ग्रीकांनी इथं दिकायार्किया नावाची वसाहत केली. इ.स.पू. १९४ मध्ये रोमनांनी तिथं आपली वसाहत बसवली, तिचं नाव पुतेओली. पुढची दोनशे-सव्वादोनशे वर्षं रोम शहराचं मुख्य बंदर हेच होतं. रोमपासून दूर असूनही. अलेक्झांड्रियाहून धान्याची गलबतं यायची, तेव्हा अख्खं गाव धक्क्यावर लोटायचं, असं वर्णन रोमन तत्त्वज्ञ सेनेकाच्या एका पत्रात आहे. कैदी म्हणून रोमला नेला जाणारा संत पॉल इ.स. ६१ च्या सुमारास इथंच जहाजातून उतरला आणि सात दिवस राहिला.

पाँपेईजवळ १९५९ मध्ये मेणाच्या पाट्यांचा एक साठा मिळाला. पुतेओलीतल्या सुल्पिकियस घराण्याच्या सावकारी व्यवहारांची ती दप्तरं आहेत. इ.स. ३७ च्या एका कर्जासाठी वखारीतला अलेक्झांड्रियाचा गहू तारण ठेवलाय, सोबत हरभरे आणि मसूर. वखारीचं भाडं किती, पैसे कधी फेडायचे, सगळं लिहिलेलं. मोठमोठ्या सम्राटांच्या कथांपेक्षा मला या पाट्या जास्त बोलक्या वाटतात, कारण बंदर खरोखर कसं चालतं ते त्यांत दिसतं.

आपल्याकडच्या किनाऱ्याचा धागाही इथं येऊन मिळतो. भारतातून तांबड्या समुद्रामार्गे अलेक्झांड्रियाला गेलेला माल पुढे रोमकडे निघाला की त्या काळी तो बहुधा पुतेओलीलाच उतरे. तांबड्या समुद्रावरच्या करवसुलीचा मक्ता असलेला अन्नियस प्लोकामुस हा पुतेओलीतल्या अन्नियस घराण्याशी जोडला जातो. त्याचा एक माणूस वाऱ्यानं भरकटून थेट श्रीलंकेला पोचल्याची हकिकत रोमन लेखक प्लिनीनं दिली आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आणि पितळी-काशाची भांडी मिळाली. त्या भांड्यांतल्या काहींची घडण पुतेओली ज्या कॅम्पानिया प्रांतात येतं तिथल्या कारागिरांची आहे. पंचगंगेच्या काठापर्यंत पोचलेल्या या व्यापाराच्या दुसऱ्या टोकाला हे गाव होतं, हे आपल्या वाचकानं लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

गावाच्या परिसरातली ज्वालामुखीची राख, पोत्सोलाना, चुन्यात मिसळली की पाण्याखालीही घट्ट होते. रोमन वास्तुकार व्हित्रुव्हियसनं तिचा उल्लेख केला आहे. या राखेच्या काँक्रीटवर रोमनांनी भूमध्य समुद्रभर धक्के बांधले. पुतेओलीचा स्वतःचा कमानींचा लांब धक्का आजच्या बंदराच्या धक्क्याखाली गाडला गेला आहे. रोमन सेनापती अग्रिप्पानं इ.स.पू. ३७ च्या सुमारास जवळच उभारलेलं युलियस बंदर तर सगळंच समुद्राच्या तळाशी आहे. काचेच्या तळाच्या होडीतून त्याच्या भिंती दिसतात. ज्या राखेनं बंदर बांधलं, तिच्याच ज्वालामुखीनं ते बुडवलं.

क्लॉडियस आणि त्राजान या सम्राटांनी टायबरच्या मुखाशी नवी बंदरं बांधली आणि पुतेओली मागं पडत गेलं. मग जमीन खचू लागली, किनाऱ्यालगतचे मोहल्ले पाण्यात गेले आणि उरलेली माणसं खडकावर चढली. तोच रिओने तेर्रा. मध्ययुगात गाव म्हणजे तेवढंच होतं.

१५३८ : लोकांना परत आणणारा सरदार

पंधराव्या शतकाच्या शेवटी जमीन पुन्हा वर यायला लागली. १५०३ मध्ये स्पेनचे फर्डिनंड आणि इसाबेला यांनी समुद्र आटल्यामुळे उघडी पडलेली जमीन गावाला बहाल केली. तशा आशयाची सनद उपलब्ध आहे. १५३८ च्या सप्टेंबरमध्ये मात्र धक्क्यांना खंड राहिला नाही, किनारा शेकडो पावलं मागं हटला आणि उघड्या पडलेल्या तळावर तडफडणारे मासे लोकांनी टोपल्या भरून नेले. २९ सप्टेंबरला जमीन फाटली. आठवडाभरात त्रिपेर्गोले नावाचं गरम पाण्याच्या स्नानगृहांचं गाव नाहीसं झालं आणि तिथं १३३ मीटर उंचीची टेकडी उभी राहिली : मोंते नुओवो. उद्रेक शमला असं वाटून काही जण ती पाहायला वर चढले. ६ ऑक्टोबरच्या अखेरच्या स्फोटात त्यांच्यातले सुमारे चोवीस जण गेले.

पोत्सुओलीचे लोक नेपल्सकडे पळाले होते. तेव्हाचा स्पॅनिश व्हाइसरॉय पेद्रो दे तोलेदो यानं गाव सोडून देऊ दिलं नाही. त्यानं कर माफ केले, पडझड झालेल्या इमारती उभ्या करायला घेतल्या आणि स्वतःसाठी तिथंच वाडा बांधला. मी राहतो, तुम्हीही या, हे सांगायची ही पद्धत होती. व्हाइसरॉयच्या कारभाराबद्दल इतर बरंच काही वाईट लिहिलेलं आहे आणि ते खोटं नाही. या एका बाबतीत मात्र त्याला जे कळलं होतं ते विसाव्या शतकातल्या प्रशासनाला कळलं नाही, असं म्हणावं लागतं.

१९७० : उद्रेकाविना उठलेली वस्ती

१५३८ नंतर चार शतकं जमीन संथपणे खाली जात राहिली. १९५० च्या सुमारास ती थोडी वर आली, पण तेव्हा फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९६९-७० मध्ये मच्छीमारांना बंदरात फरक जाणवला. धक्क्याची पाण्यापासूनची उंची वाढली होती, घरांना भेगा पडत होत्या. मोजणी झाली आणि जमीन बरीच वर आल्याचं दिसलं.

त्या वेळी उपकरणांचं जाळं तुटपुंजं होतं, आधीच्या नोंदी विरळ होत्या आणि १५३८ चा इतिहास सगळ्यांना तोंडपाठ होता. तज्ज्ञांमध्ये एकमत नव्हतं. अशा स्थितीत सरकारनं सावधगिरी बाळगली यात मला चूक दिसत नाही. चूक पद्धतीत होती. ना पूर्वसूचना, ना चर्चा. जवळपास एका दिवसात वस्ती रिकामी, आणि पुढं काय याची योजना कुणाकडेच नाही. कुटुंबं हॉटेलांत, भाड्याच्या खोल्यांत, किनाऱ्यावरच्या उन्हाळी घरांत विखुरली. नंतर त्यांच्यासाठी तोयानो हा वसाहतीचा भाग बांधला गेला. १९७२ पर्यंत जमीन पावणेदोन मीटरच्या आसपास वर येऊन थांबली आणि थोडी खालीही गेली. तोवर रिओने तेर्राला कुलपं लागली होती. रिकाम्या घरांतून दारं-खिडक्या, फरश्या, देवळातल्या वस्तू चोरीला गेल्या. १९८० च्या इरपिनियाच्या मोठ्या भूकंपानं उरलेलं खिळखिळं केलं.

गावात तेव्हापासून एक समज पक्का झाला. समुद्रावरचा सुंदर खडक बिल्डरांना आणि पर्यटनाला मोकळा करून द्यायचा होता, गरिबांना हुसकावायला ज्वालामुखीचं निमित्त झालं. मापनांवरून पाहिलं तर जमीन खरोखर वर आली होती, तेव्हा निमित्त खोटं नव्हतं. तरीही हा समज अडाणीपणाचा म्हणून मी सोडून देणार नाही. ज्याचं घर गेलं, ज्याला परतीची तारीख कधीच कळली नाही आणि ज्यानं नंतर तिथं पर्यटनाचे आराखडे पाहिले, त्यानं दुसरा कोणता निष्कर्ष काढायचा होता?

१९८३ : अख्खं गाव

१९८२ च्या उन्हाळ्यात जमीन पुन्हा उचलली जाऊ लागली, आणि या वेळी भूकंपांसकट. ४ ऑक्टोबर १९८३ ला चार प्रतीचा धक्का बसला. १ एप्रिल १९८४ ला काही तासांत पाचशेहून जास्त धक्के नोंदवले गेले. दोन वर्षांत एकूण १६,००० हून अधिक भूकंप आणि सुमारे १.८ मीटर उठाव. बंदराचा तळ इतका वर आला की होड्या टेकू लागल्या. बोटींना लागता यावं म्हणून जुन्या धक्क्याच्या खालच्या पातळीवर नवा धक्का बांधावा लागला.

या वेळी जुनं गाव रिकामं करण्यात आलं. सुमारे ४०,००० माणसं घराबाहेर पडली. त्यांच्यासाठी तीन-चार किलोमीटरवर मोंतेरुशेल्लो नावाचं नवं शहर वसवायचं ठरलं. नेपल्स विद्यापीठाच्या तज्ज्ञांना आराखड्यात घेतलं गेलं, वास्तुविशारद आगोस्तीनो रेन्ना यांनी त्याची मांडणी केली आणि तीनेक वर्षांत चार हजारांच्या घरात सदनिका उभ्या राहिल्या. इटलीतल्या सरकारी कामांचा नेहमीचा वेग पाहता हे मोठंच काम. संकटात छप्पर मिळालं, ही गोष्ट कुणीही कमी लेखू नये.

पण त्या शहरात जाऊन पडलेल्या माणसाच्या नजरेनं पाहा. रुंद रस्ते, एकसारख्या लांब इमारती, चौकात दुकान नाही, संध्याकाळी बसायला जागा नाही. मच्छीमाराला पहाटे बंदरावर जायला बस पकडावी लागते. जुन्या गल्लीत म्हातारीला दारातून हाक मारली की शेजारीण यायची, इथं शेजारी कोण हे यादी ठरवणार. कामधंदा नसलेल्या तरुणांचा भाग अशी त्याची ओळख झाली आणि ती अजून पुसलेली नाही. नंतरच्या काळात युरोपीय निधीतून तिथल्या पडीक सार्वजनिक जमिनीवर शेती आणि रोजगाराचा प्रकल्प झाला. चांगला प्रयत्न, पण तीस वर्षं उशिरा.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. मोंतेरुशेल्लो त्याच महाकुंडात आहे. भूकंपाच्या केंद्रापासून ते दूर गेलं, म्हणून धक्क्यांपासून थोडा आराम मिळाला. उद्रेकाच्या धोक्यापासून नाही. आजच्या नकाशात पोत्सुओली पालिकेची संपूर्ण हद्द लाल क्षेत्रात, म्हणजे उद्रेकाची चाहूल लागताच रिकाम्या करायच्या भागात येते, नव्या शहरासकट. म्हणजे चाळीस हजार माणसांचं आयुष्य उखडलं आणि त्यांना ज्वालामुखीच्या एका भागातून दुसऱ्या भागात ठेवलं.

१९८४ च्या डिसेंबरात उठाव थांबला. पुढची वीस वर्षं जमीन हळूहळू सुमारे ९० सेंटिमीटर खाली गेली. भीती ओसरली तशी काम्पी फ्लेग्रेईत घरं वाढत गेली. बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करणारे देशव्यापी कायदे १९८५, १९९४ आणि २००३ मध्ये आले. एकीकडे धोका म्हणून गाव रिकामं करायचं आणि दुसरीकडे त्याच प्रदेशात वस्ती वाढू द्यायची. ही विसंगती रहिवाशांच्या नजरेतून सुटणारी नव्हती.

खडकावरचं देऊळ

रिओने तेर्राचं पुढं काय झालं ते सांगायला हवं. १६-१७ मे १९६४ च्या रात्री तिथल्या बरोक कॅथेड्रलला आग लागली. जळालेल्या सजावटीमागून रोमन मंदिराचे संगमरवरी खांब आणि भिंती बाहेर आल्या. ऑगस्टसच्या काळातलं ते मंदिर शतकानुशतकं चर्चच्या पोटात शाबूत होतं. मग सहा वर्षांत वस्तीच उठली आणि सगळं तसंच पडून राहिलं. पुनरुज्जीवनाचं काम १९९० च्या दशकात मार्गी लागलं. घरांच्या खाली उत्खनन झालं तेव्हा रोमन पुतेओलीचे रस्ते, दुकानं, भट्टी असलेली बेकरी सापडली. आज त्या भुयारी गल्ल्यांतून फिरता येतं. मे २०१४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं. मंदिराचे खांब आणि काचेच्या भिंती एकत्र ठेवणारी त्याची रचना मला फार आवडते. पन्नास वर्षांनी गावाला त्याचं देऊळ मिळालं.

घरं मात्र मिळाली नाहीत. वर दुरुस्त केलेली, रंगवलेली घरं आहेत, रात्री त्यात कुणी नसतं. संपूर्ण खडक हॉटेल म्हणून वापरायची योजना वर्षानुवर्षं चर्चेत आहे. त्यातली थोडी घरं जरी जुन्या कुटुंबांच्या मुला-नातवंडांना राहायला दिली असती, तर १९७० चा संशय धुऊन काढायला शंभर माहितीपत्रकांपेक्षा जास्त उपयोग झाला असता.

आताचा उठाव

२००५ पासून जमीन पुन्हा वर येते आहे. डिसेंबर २०१२ मध्ये इशाऱ्याची पातळी हिरव्यावरून पिवळ्यावर नेली गेली आणि ती पिवळीच आहे. २०२२ मध्ये बंदराजवळच्या जमिनीनं १९८४ ची कमाल उंची ओलांडली. होड्या बांधायच्या छोट्या गोदीत चिखल उघडा पडला. २७ सप्टेंबर २०२३ ला ४.२ प्रतीचा धक्का बसला, २० मे २०२४ ला ४.४ चा. त्या रात्री लोक गाडीत झोपले, किनाऱ्यालगत तंबू पडले, दीड हजाराच्या आसपास माणसांना घरं सोडावी लागली आणि गावातलं महिला कारागृहही रिकामं करावं लागलं. १३ मार्च २०२५ ला ४.६, ३० जूनला पुन्हा ४.६.

१९७० शी तुलना केली तर विज्ञानाची बाजू कमालीची बदलली आहे. १८४१ मध्ये स्थापन झालेल्या व्हेसुव्हियस वेधशाळेची यंत्रणा आता जमिनीचा मिलिमीटर-मिलिमीटर मोजते, वायूंचं रसायन तपासते, समुद्रतळावरही साधनं ठेवते. साप्ताहिक अहवाल कुणालाही वाचता येतो आणि गावातले लोक तो वाचतात. या महिन्यात किती मिलिमीटर, हा चहाच्या नव्हे तर कॉफीच्या टपरीवरचा विषय आहे.

प्रशासनाच्या हातात दोन निरनिराळ्या योजना आहेत आणि इथं गोंधळ होतो. पहिली उद्रेकाची. लाल क्षेत्रातल्या सुमारे पाच लाख माणसांना ७२ तासांत बाहेर काढायचं, आणि प्रत्येक पालिकेची जोडी इटलीतल्या एखाद्या दूरच्या प्रांताशी लावलेली. पोत्सुओलीची लोंबार्दीशी. दुसरी योजना उद्रेक नसताना भूकंपांनी इमारती मोडकळीस आल्या तर काय करायचं याची. ती २०२३ च्या अध्यादेशानंतर आकाराला आली. इमारतींची पाहणी, मजबुतीसाठी निधी, तात्पुरत्या निवाऱ्याच्या जागा असं तिचं स्वरूप आहे. गेल्या पंचावन्न वर्षांत पोत्सुओलीवर जे प्रत्यक्षात आलं ते दुसऱ्या प्रकारचं संकट आहे. लक्ष, बातम्या आणि सराव मात्र बराच काळ पहिल्याभोवती फिरत राहिले.

म्हणूनच 'ही माणसं निघून का जात नाहीत' असं जेव्हा बाहेरून विचारलं जातं तेव्हा मला राग येतो. त्यांच्या आई-वडिलांना दोनदा निघायला सांगितलं गेलं होतं. ते गेले. पहिल्यांदा वस्ती गेली, दुसऱ्यांदा गाव विखुरलं, आणि उद्रेक दोन्ही वेळा झाला नाही. तिसऱ्यांदा झालाच तर त्यांनी ७२ तासांत बसमध्ये बसावं असं वाटत असेल, तर आजच्या छोट्या स्थलांतरांत त्यांना कसं वागवलं जातं त्यावर सगळं अवलंबून आहे. घर राहण्यास अयोग्य ठरल्यावर तपासणीला किती आठवडे लागले, दुरुस्तीचा निधी कधी हातात पडला, मुलांची शाळा जवळपास राहिली का, मच्छीमाराला होडीपाशी राहता आलं का, आणि घरी कधी जाता येईल हे त्याला कुणी लेखी सांगितलं का. मे २०२४ मध्ये घर सोडलेल्या कुटुंबांना भाड्यासाठी मदत मिळाली. मजबुतीकरणाचं काम त्याहून कितीतरी हळू चाललं आहे आणि नागरिकांच्या सभांमध्ये सगळ्यात जास्त आवाज याच मुद्द्यावर चढतो. त्या सभांना अधिकाऱ्यांबरोबर वेधशाळेचे शास्त्रज्ञही येऊन बसतात, प्रश्न घेतात. १९७० च्या मार्चमध्ये रिकाम्या बस पाठवण्याआधी अशी एकही सभा झाली नव्हती.